गिली सूटसाठी कापडाची पानं घरच्या घरी: कापायची कशी आणि लटकवायची कशी

पहिला गिली सूट (चिंध्या-पानं लटकवलेला, झुडपासारखं दिसून लपून बसायचा पोशाख) केला तेव्हा मी कापडाची पानं अगदी मन लावून एकेक कापली होती, टोकदार, त्यावर मार्करने शिरा पण काढल्या, आणि मग ग्लू गन घेऊन सगळी जुन्या जॅकेटवर चपटी चिकटवून टाकली. जवळून भारी दिसत होतं. वीस पावलांवरून मित्राने फोटो काढला तर त्यात झुडूप वगैरे काही नाही, पानांच्या डिझाइनचा सोफा उभा होता. दोन रविवार गेले त्यात.

चूक कुठे झाली ते नंतर एका खऱ्या झुडपासमोर नुसतं बसून राहिल्यावर कळलं. झुडपात आपल्याला पान दिसतं असं वाटतं पण खरं तर पानांच्या मधला काळोख दिसतो, वरच्या पानाची सावली खालच्यावर, त्याच्या खाली अजून एक, मधूनच एखाद्या पानाची फिकट उलटी बाजू. चपटं चिकटवलेलं पान सावली पाडतच नाही. म्हणून ह्या सगळ्या उद्योगाचा एकच नियम धरा, पान एकाच ठिकाणी अडकवायचं आणि बाकीचं मोकळं लोंबू द्यायचं. आकार हुबेहूब नसला तरी चालतो, शिरा तर कोणालाच दिसत नाहीत.

कापडाचं आधी बघू. जुन्या सुती चादरी बेस्ट, जितक्या धुवून धुवून मऊ आणि मळकट झालेल्या तितक्या चांगल्या. चकाकणारं काहीही नको, सॅटिन, रेनकोटचं कापड, नायलॉनचं अस्तर सगळं बाजूला ठेवा, उन्हात एक चमक पडली की बाकीची मेहनत पाण्यात. प्रिंटेड चादर असेल तर तिची उलटी बाजू बघा, ती बहुतेक वेळा फिकी आणि मॅट असते, आणि लोंबणारं पान वळलं की ही फिकी बाजू दिसते, खऱ्या पानाचंही तसंच असतं ना, वरून गडद खालून फिकं. सोबत थोडं गोणपाट घ्या. ते जड असतं, वाऱ्यात कमी हलतं. सगळी पानं हलक्या कापडाची केली तर आजूबाजूचं गवत शांत आणि तुम्ही एकटेच फडफडताय असा सीन होतो.

रंग कापायच्या आधी द्या, नंतर शेकडो चिंध्या रंगवत बसणं म्हणजे वेडेपणा. आणि इथे बहुतेक जण हिरव्यात अडकतात. जिथे बसणार तिथल्या जमिनीचा फोटो काढा आणि नीट बघा, हिरवा किती आणि तपकिरी, मातकट, वाळक्या गवताचा पिवळट किती. पावसाळी दिवस सोडले तर पाचोळ्याचेच रंग जास्त भरतात. मी साधारण निम्मं कापड तपकिरी-मातकट ठेवतो, पाव भाग वाळक्या गवताचा, आणि उरलेल्या पावात दोन-तीन तऱ्हेचे हिरवे, ते पण मेलेले हिरवे, पोपटी अजिबात नाही. सुती कापड कडक चहाच्या पाण्यात उकळवलं तर छान मातकट होतं, बाकीच्यासाठी साधा कपड्यांचा रंग. एकसारखा रंग चढू नये म्हणून कापड चुरगळून सुतळीने चार-पाच ठिकाणी घट्ट बांधा आणि मग बुडवा, जिथे रंग पोचला नाही तिथे ठिपके-डाग राहतात, तेच हवेत. पॉलिएस्टरला मात्र सुती कापडाचा रंग धरत नाही, त्यासाठी वेगळा रंग मिळतो, नाहीतर मॅट स्प्रे पेंटचे हलके फवारे मारायचे, पण मोकळ्या हवेत. काळा रंग जपून वापरा, काळोख आपण लटकणाऱ्या थरांमधून आणतोय, काळं कापड लांबून भोकासारखं दिसतं.

धुलाईची पावडर हा एक वेगळाच घोळ आहे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून बऱ्याच पावडरींत ब्राइटनर घातलेला असतो, तो अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड परत टाकतो. आपल्याला ते फारसं जाणवत नाही पण पक्ष्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचा, म्हणजे रंगपेशींचा, आपल्यापेक्षा एक प्रकार जास्त असतो, आपल्याला तीन तर त्यांना चार, आणि बऱ्याच पक्ष्यांना अतिनीलही दिसतं. हरणांना दोनच प्रकारच्या रंगपेशी, लाल-नारिंगी त्यांना नीट कळत नाही पण निळा चांगला दिसतो, म्हणून आत निळी जीन्स घालून वर सूट चढवणाऱ्यांनी पायाकडे लक्ष द्या. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात कापडावर मारून बघा, मी मारली तर एक अख्खी चादर ट्यूबलाइटसारखी पेटली, तिची रवानगी फरशी पुसायला. एकदा ब्राइटनर बसला की सहज जात नाही, तेव्हा आधीच ब्राइटनर नसलेला साबण नाहीतर नुसतं पाणी.

आता कापणं. सुटी पानं कापू नका, वेळ खूप जातो आणि बांधतानाही एकेक बांधावं लागतं. त्यापेक्षा पट्टीची पानं करा. चाळीस सेंटिमीटर लांब आणि सहा सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. मधला चार सेंटिमीटरचा भाग दोन्ही कडांनी खाऊन दोन सेंटिमीटर रुंद करा, इथे गाठ येणार. आता उरले दोन्हीकडे अठरा-अठरा सेंटिमीटर. एका बाजूला डाव्या कडेपासून आत एक वळणदार काप द्या, सरळ नाही, अर्धचंद्रासारखा खाली झुकणारा, पण पट्टीच्या रुंदीच्या दोन तृतीयांशाच्या पुढे जाऊ नका म्हणजे चार सेंटिमीटरला कात्री थांबली पाहिजे. मग पाच सेंटिमीटर खाली तसाच काप उजव्या कडेपासून. परत पाच खाली डावीकडून. टोक तिरकं कापून टाका. दुसऱ्या बाजूलाही हेच. आता पट्टी वरून धरून हलकेच ओढा आणि सोडा, कापलेले कोपरे आपोआप बाहेर पडतात, पट्टी स्वतःभोवती पीळ घेते आणि प्रत्येक कोपरा वेगळ्या दिशेला तोंड करून लटकतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं नुसती ती पट्टी वर-खाली करत बसलो होतो. तो पीळच सगळं काम करतो, पानाचा आकार काढायची गरजच उरत नाही.

एका पट्टीत प्रत्येक बाजूला तीन म्हणजे सहा पानं. दीड मीटर बाय सव्वादोन मीटरच्या सिंगल चादरीत आडव्या पंचवीस आणि उभ्या पाच अशा सव्वाशे पट्ट्या बसतात, थोडी चिंधी उरते ती हातमोज्यांना आणि कॅमेऱ्याच्या लेन्सला लपेटायला ठेवा. चार-पाच पट्ट्या एकावर एक ठेवून कापल्या तर वेळ वाचतो पण मग सगळे काप एकसारखे येतात, तेव्हा दर गठ्ठ्याला कापाची जागा थोडी सरकवा. मोजपट्टी फक्त पहिल्या पाच-दहा पट्ट्यांना लावा, नंतर अंदाजाने, हात जितका वाकडा चालेल तितकं बरं.

सुती कापडाच्या कडा उसवतील, उसवू द्या, त्या धाग्यांनी कड पुसट होते आणि गवतासारखं दिसतं. फारच सुटायला लागलं तर पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून फक्त गाठीच्या भागाला लावा. पॉलिएस्टरच्या कडा गरम सोल्डरिंग आयर्नने कापल्या तर कापता कापता वितळून बंद होतात, खाली फरशीची टाइल ठेवा, खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

हे सगळं बांधायचं कशाला, तर जाळीला. थेट जॅकेटवर शिवू नका, कारण मग सूट धुता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि हवा पण खेळत नाही. साधारण पाच सेंटिमीटरच्या चौकोनांची मासेमारीची नाहीतर खेळाची जुनी जाळी घ्या, पांढरी असेल तर आधी रंगवा. जुनं सैलसर जॅकेट किंवा बॉयलर सूट उशा कोंबून खुर्चीवर बसवा आणि त्यावर जाळी सैल टाकून दाभणाने शिवा, दर तीन-चार चौकोनांना एक मजबूत टाका, दोरा मासेमारीचा किंवा मेणाचा जाड. उशा भरून शिवायचं कारण असं की सपाट टेबलावर शिवलं की अंगात घातल्यावर पाठ ताणली जाते आणि वाकलं की टाके तटातट तुटतात, हा पण अनुभवच.

गाठ सोपी आहे. पट्टी मधोमध दुमडा, दुमडलेला भाग जाळीच्या दोऱ्याखालून वर काढा म्हणजे फास तयार होतो, पट्टीची दोन्ही टोकं त्या फासातून ओवून खाली ओढा. झालं. ओढाल तितकी घट्ट होते आणि काढायची तर फास सैल केला की निघते. एक मीटर बाय एक मीटर जाळीत चारशे चौकोन येतात, उभा-आडवा एक सोडून एक बांधलं तर शंभर पट्ट्या म्हणजे सहाशे पानं, एवढ्यात पाठ आणि खांदे होतात. फार सारखं बांधू नका. खांदे, मान आणि डोकं इथे दाट बांधा, कारण माणूस ओळखू येतो तो डोकं आणि दोन खांदे ह्या आकारावरूनच, ती रेघ मोडली की अर्धी लढाई जिंकली. कंबरेखाली विरळ चालतं. रंगही ओळीने लावू नका, तीन-चार तपकिरी एकत्र, मग हिरव्याचा एक पुंजका, मग मोकळी जागा.

छाती-पोटावर आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला पानं लावायचीच नाहीत. तिथे आपण सरपटतो, पानं दगड-काट्यात अडकतात आणि आपल्यामागे चिंध्यांची वाट तयार होते. त्याऐवजी कोपर आणि गुडघ्यांवर जाड कॅनव्हासचे तुकडे शिवा, आतून थोडा फोम. डोक्याला रुंद कडेची कापडी टोपी, तिच्यावर जाळी अशी शिवा की मागे मानेवर आणि पुढे कपाळाच्या थोडी खालपर्यंत लोंबेल, पण डोळ्यांसमोर दोन-चारच पट्ट्या. हे सूट आले ते स्कॉटलंडच्या शिकारीची रानं राखणाऱ्यांकडून, गिली हा शब्दही तिथल्या गेलिक भाषेतला, पोऱ्या किंवा नोकर अशा अर्थाचा, आणि 1900 साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी उभ्या केलेल्या लोव्हॅट स्काउट्स ह्या ब्रिटिश तुकडीत अशीच माणसं होती, तिथून हे सैन्यात गेलं. पण आपल्याला फोटो काढायचेत, पक्षी बघायचेत किंवा पेंटबॉल खेळायचंय, तेव्हा दिवसभर अंगावर निभेल इतकाच जड करा. गोणपाट भिजलं की वजन चांगलंच वाढतं आणि उन्हात आत भट्टी होते, म्हणून बगलेत आणि पाठीखाली जॅकेटचं कापड कापून तिथे नुसती जाळी ठेवा, आणि पाणी जास्त न्या.

खांद्यावर आणि टोपीवर काळ्या इलॅस्टिकची दहा-बारा कडी शिवून ठेवा, जागेवर गेल्यावर तिथलंच गवत-फांदी खोचायला. कापडी पानांनी साधारण आकार मोडतो, पण जागेशी जुळवून घ्यायचं काम खऱ्या पाल्याचं. फक्त तो काही तासांत कोमेजतो, रंग बदलतो आणि पानं उलटी पडतात, तेव्हा मधूनमधून बदला. संरक्षित जंगलात मात्र काही तोडू नका, खाली पडलेलंच घ्या.

टेस्ट अशी करा. मित्राला घालायला लावा (स्वतः घातलेला सूट स्वतःला कधीच दिसत नाही), तीस पावलं मागे जा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की फक्त उजेड-सावली उरते आणि चूक लगेच दिसते, माझ्या दुसऱ्या सूटमध्ये अख्खी पाठ एकच राखाडी गोळा दिसत होती, रंगात मात्र ती सुंदर वाटत होती. त्यात फिक्या पंधरा-वीस पट्ट्या विखरून टाकल्या आणि मधल्या काही पट्ट्या काढून जाळी उघडी केली, तेव्हा जमलं. टेस्ट सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करा, ऊन डोक्यावर आलं की सावल्या वेगळ्या पडतात.

दोन गोष्टींत मस्करी नको. आग, गोणपाट आणि सुटे धागे भसकन पेटतात, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा सूट अंगात असताना सिगारेट, शेकोटी, स्टोव्ह काही नाही, अग्निरोधक फवारा मारलेला असला तरी नाही कारण धुतल्यावर बऱ्याच फवाऱ्यांचा असर कमी होतो. आणि जिथे बंदुकीने शिकार चालते तिथे हा सूट घालून बसूच नका, येता-जाताना वर भडक नारिंगी जाकीट घाला, कुठे बसणार ते घरी सांगून जा. काही देशांत, उदाहरणार्थ बार्बाडोस आणि जमैकामध्ये, सामान्य माणसाने लष्करी छापाचे कपडे घालणं गुन्हा आहे, तेव्हा प्रवासात बॅगेत टाकायच्या आधी तिथला कायदा बघा.

घरी आल्यावर आधी बाहेर झटका, गोचिड्या आणि कुसळं निघतात. मग हँगरला लावून सावलीत पूर्ण वाळवा, ओला गुंडाळला की गोणपाटाला बुरशी धरते आणि वास जन्मात जात नाही. रात्री हँगरला लटकवलेला सूट अंधारात कसा दिसतो हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे एकदा आरडाओरडा झालाय. दर फेरीत आठ-दहा पट्ट्या गळतातच, म्हणून वीसेक कापलेल्या पट्ट्या खिशात असू द्या, गाठ मारायला अर्धं मिनिट लागतं.