स्फोटकांच्या कणांचं आसंजन मोजताय? या चुका टाळा

विमानतळावर बॅगेवरून स्वॅब फिरवतात, तो यंत्रात घालतात. यंत्र कितीही संवेदनशील असलं, तरी कण बॅगेवरून सुटून स्वॅबवर आलाच नाही तर ते काय शोधणार? म्हणून कण किती घट्ट चिकटतो, म्हणजेच त्याचं आसंजन, हे प्रयोगशाळेत एएफएमने (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने) मोजतात. ते आकडे फसवे निघण्याची कारणं बहुतेक ठरलेली असतात.

सर्वांत महागात पडते ती कण गुळगुळीत गोल मानण्याची चूक. २० मायक्रॉन व्यासाच्या अशा गोलासाठी व्हॅन डर वाल्स बलाचं (अगदी जवळच्या रेणूंमधल्या ओढीचं) सूत्र साधारण १ मायक्रोन्यूटन देतं, म्हणजे कणाच्या वजनाच्या दहा हजार पटींहून जास्त. प्रत्यक्षात स्फटिक कंगोऱ्यांचा असतो आणि चार-दोन टोकांवरच टेकतो. काही नॅनोमीटरची फट पडली तरी हे बल कोसळतं. त्यामुळे आकडा खूप कमी आला म्हणून उपकरणाला दोष देऊ नका. आधी दोन्ही पृष्ठभागांचा खडबडीतपणा मोजा आणि तो गणितात घाला. मोजमापं अनेक जागी घ्या आणि सरासरीसोबत त्यांचा पूर्ण पसरही द्या. माझ्या मते स्वॅब बनवणाऱ्याला सरासरीपेक्षा हा पसरच जास्त उपयोगी पडतो, कारण त्याला सर्वांत चिवट कणही उचलायचे असतात.

कँटिलिव्हर म्हणजे एएफएमची बारीक, वाकणारी पट्टी; ती किती वाकली आणि तिचा ताठरपणा किती, यावरून बल काढतात. तिच्या डबीवर छापलेला ताठरपणा तसाच वापरू नका. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून जाडीत १० टक्के फरक असला की बलात सुमारे ३३ टक्के चूक होते. औष्णिक कंपनांवरून (उष्णतेमुळे होणाऱ्या सूक्ष्म थरथरीवरून) प्रत्येक कँटिलिव्हर स्वतः तपासा.

मे महिन्यातले आकडे जुलैत जुळत नसतील तर आर्द्रतेची नोंद पाहा. दमट हवेत कणाखाली पाण्याचा पूल तयार होतो आणि ओढ वाढते. कँटिलिव्हर मायक्रॉनभर दूर असतानाच वाकू लागला, तर तो स्थिर विद्युतभार समजा. आयनायझर (हवेत आयन सोडून हा भार घालवणारं उपकरण) लावा आणि पुन्हा मोजा.

शुद्ध आरडीएक्सचा आकडा सी-४ला (आरडीएक्समध्ये बंधक मिसळून केलेल्या मऊ स्फोटकाला) लावू नका. सी-४मधला मऊ बंधक दाबाखाली पसरतो आणि संपर्काचं क्षेत्र वाढवतो. किती दाबून ओढलं, हे त्यामुळे नेहमी लिहा. (खरे नमुने परवाना असलेल्या प्रयोगशाळेतच हाताळायचे.)

आणि फक्त स्वच्छ काचेवर थांबू नका. रंगवलेला धातू आणि नायलॉन घ्या, स्वॅबच्या धाग्यावरचं आसंजनही मोजा. कण उचलला जाईल की नाही, हे या दोन बाजूंच्या तुलनेवर ठरतं.