इंदूरात किराणा आणि स्वयंपाकाचा खर्च कसा आवरायचा

दुकानदाराशी घासाघीस करून दोन-पाच रुपये सुटतात, खरा पैसा वाचतो तो कुठली वस्तू कोणत्या महिन्यात घेतो त्यावर, आणि इंदूरात राहतो म्हणजे हे आपल्याला सोपंच आहे, माळव्याचा गहू इथेच येतो, किराण्याचा घाऊक बाजार सियागंज हाकेच्या अंतरावर आणि भाजीला चोइथराम मंडी.

सगळ्यात आधी गहू. मार्च-एप्रिलमध्ये नवा माल येतो तेव्हाच वर्षाचे भरून टाका. चौघांचं घर आणि दोन्ही वेळा पोळी असेल तर महिन्याला साधारण १५ किलो लागतात, म्हणजे वर्षाला पावणेदोन-दोन क्विंटल धरून चला. शरबतीच्या पोळ्या मस्त मऊ राहतात पण भाव चढा असतो, रोजच्याला लोकवन उत्तम, शरबती थोडे सणावारासाठी घ्या. घेताना एक दाणा दाताखाली धरून बघा, कटकन फुटला तर कोरडा, नुसता दबला तर ओल आहे आणि ते गहू पावसाळ्यात सोंडे धरणारच. घरी आणले की निवडून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा, गरम भरले तर आत वाफ धरते. मधेमधे वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. आणि हे हात जोडून सांगते, धान्याला कीड लागू नये म्हणून मिळणाऱ्या सल्फासच्या गोळ्या घरातल्या कोठीत टाकू नका, त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो, घरच्या घरी माणसं गेली आहेत त्याने.

तूरडाळ पण उन्हाळ्यात घ्या, हाताला एरंडेल लावून चोळून ठेवा, वर्षभर कीड लागत नाही, फक्त शिजवताना गरम पाण्याने दोनदा धुवायची. पोहे, साबुदाणा, जिरं, बडीशेप सियागंजातून सुटं घ्या, पण मसाले सहा महिन्यांपेक्षा जास्त भरू नका, वास उडतो मग स्वस्त पडून काय उपयोग.

तेलाचं पाऊच घेताना पुढचा मोठा भाव बघू नका, मागे बारीक अक्षरात वजन असतं ते वाचा. एक लिटर सोयाबीन तेल ९१० ग्रामच्या आसपास भरतं, पण तसंच दिसणारं ८०० किंवा ८५० ग्रामचं पाऊचही शेल्फवर असतं आणि ते स्वस्त वाटतं, म्हणून किलोचा भाव काढून मगच उचला.

मटार डिसेंबर-जानेवारीत घ्यायचा. मंडीतून पोतं आणायचं, बिल्डिंगमधल्या दोन-तीन घरांनी वाटून घ्यायचं, एकट्याला झेपत नाही. एक किलो शेंगांतून दाणे निम्म्याहून कमीच निघतात हे हिशेबात धरा. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कपड्यावर अगदी कोरडे करून छोट्या पिशव्यांत चपटे भरा, म्हणजे पोह्यापुरते मूठभर सहज सुटतात. असा मटार सहा-आठ महिने हिरवागार राहतो. बाकी भाजी आठवड्याला एकदाच घ्या, आणि कोथिंबीर न धुता कागदात गुंडाळून ठेवा, धुतलेली दोन दिवसांत काळी पडते.

वेळ वाचवायला कुकरसारखं काही नाही. खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली डाळ, वर भात, त्याच्यावर बटाटे, एकाच गॅसवर तीन कामं. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, आत वाफ असतेच, मोठ्या आचेने गॅस फक्त वाया जातो. डाळ दुप्पट लावा, पण फोडणी निम्म्यालाच द्या, उरलेली साधी घोटून गार झाली की लगेच फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी चिंच-गूळ, गोडा मसाला घातला की दहा मिनिटांत आमटी होते, आणि बटाटे उरले असतील तर त्याचे पराठे डब्याला.