ऑर्बिटल मेकॅनिक्सचं पुस्तक निवडताना माझं काय चुकलं (माझा अनुभव)

बीएस्सी फिजिक्स झालंय, सोलापुरातच राहतो, आणि उपग्रह वर कसा टिकतो हे गणितानं कळावं अशी फार इच्छा होती. पहिलं पुस्तक घेतलं तेच जाडजूड, पीएचडीवाल्यांचं, तिसऱ्या पानावरच हॅमिल्टोनियन (प्रगत मेकॅनिक्समधलं अवघड गणित), दोन महिने नुसतं टेबलावर पडून होतं.

मग एका सरांनी सांगितलं, अरे आधी टू-बॉडी प्रॉब्लेम (दोनच वस्तू गुरुत्वाकर्षणानं एकमेकींभोवती कशा फिरतात ते) पक्का कर की, बाकीचं नंतर. त्यांनी 'फंडामेंटल्स ऑफ अ‍ॅस्ट्रोडायनॅमिक्स' सुचवलं, बेट, म्युलर आणि व्हाइट यांचं, 1971 चं, डोव्हर प्रकाशनाची स्वस्त आवृत्ती मिळते. भाषा सरळ आहे, कॅल्क्युलस आणि व्हेक्टर येत असले की चालतं. एकच त्रास, त्यात फूट, नॉटिकल माईल आणि कॅनॉनिकल युनिट्स आहेत, म्हणजे पृथ्वीची त्रिज्या 1 आणि म्यू (गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान) पण 1 धरायचा, आठवडाभर माझं डोकं तिथंच अडकलं होतं. म्हणून सोबत कर्टिसचं 'ऑर्बिटल मेकॅनिक्स फॉर इंजिनिअरिंग स्टुडंट्स' घेतलं, किलोमीटर-सेकंदात, सोडवलेली उदाहरणं भरपूर.

एका रात्री गच्चीवर वही घेऊन बसलो, उंची 400 किमी, पृथ्वीची त्रिज्या 6378, म्हणजे कक्षेची त्रिज्या r 6778, म्यू 398600, म्यूला r नं भागून वर्गमूळ काढलं तर वेग आला सेकंदाला 7.67 किमी आणि एक फेरी साधारण साडेब्याण्णव मिनिटांची. स्पेस स्टेशन खरंच तेवढ्यातच फिरतं! अंगावर काटा आला बघा.

तर पुस्तक घ्यायच्या आधी पहिल्या प्रकरणातलं एक उदाहरण स्वतः सोडवून बघा, जमलं तरच घ्या.