रॉड नेमके किती वॅट घेतोय? व्होल्ट आणि अँपिअरवरून काढायचा हिशेब

मागच्या थंडीत शेजारचे जिभाऊ नवाकोरा रॉड हातात धरून आमच्या दारात उभे. "रॉड खराब निंघना रे भाऊ. अर्धा तास व्हयना, पानी कोमटच!" रॉडवर छापलेलं होतं २३० व्होल्ट, १००० वॅट. दुकानदाराला शिव्या घालून झाल्या होत्या. मी म्हटलं, जिभाऊ, आधी मोजू या.

लागतं काय? एक मल्टिमीटर आणि एक टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून करंट दाखवणारं मीटर. टाँग टेस्टर नसला तरी जमतं, ते खाली येईलच.

आधी रॉडचा रोध, म्हणजे त्याची तार करंटला किती अडवते ते, काढू. तो ओहममध्ये मोजतात. छापील आकड्यांवरून तो असा निघतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० × २३० = ५२,९००, त्याला १००० ने भागलं की ५२.९ ओहम. खात्री करायची तर रॉड प्लगमधून काढून, गार असताना, प्लगच्या दोन पिनांवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा. जिभाऊंचा रॉड ५३ च्या आसपास दाखवत होता, म्हणजे रॉड ठणठणीत. (हीच युक्ती जुन्या पिवळ्या बल्बवर करू नका. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम असतो, गार असताना साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही भरत नाही. रॉडच्या तारेत एवढा फरक पडत नाही.)

आता व्होल्टेज. रॉड बादलीत बुडवून मगच बटण चालू करा, आणि चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही. मल्टिमीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टवर ठेवा. लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दोनदा बघा. तशीच सॉकेटात घातली तर थेट शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज तरी उडतो, नाहीतर मीटरच. मोजायचं ते रॉड चालू असतानाच, त्याच बोर्डाच्या शेजारच्या सॉकेटात. आमच्याकडे आकडा आला १८०.

करंटसाठी टाँग टेस्टरमध्ये एकच तार घ्यायची. अख्खी केबल चिमट्यात धरली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतं. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं आणि मीटर बिघडलं म्हणून ठेवून दिलं होतं. एक्स्टेन्शन बोर्डाची बाहेरची सालटी कापायची गरज नाही, तारा सुट्या असलेली छोटी जोडवायर त्यासाठी करून ठेवा. आमचा आकडा: ३.४ अँपिअर.

बाकी सगळं गुणाकार-भागाकार. १८० भागिले ३.४ म्हणजे सुमारे ५३ ओहम, आधीच्या आकड्याशी जुळलं. जॉर्ज ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तो हाच. आणि १८० × ३.४ = ६१२ वॅट. हजाराचा रॉड सहाशेवर आला होता! व्होल्टेज बावीस टक्क्यांनी कमी, पण वॅट एकोणचाळीस टक्क्यांनी, कारण व्होल्टेज पडलं की करंटही पडतो आणि दोन्हींचा गुणाकार घसरतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला १००० वॅटला साधारण २६ मिनिटं लागतात, ६१२ ला ४३. युनिट मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढंच, ०.४४. "मंग बिल वाढाव नही ना?" एवढंच जिभाऊंना हवं होतं.

टाँग टेस्टर नसेल तर घरातलं सगळं बंद करून फक्त रॉड चालू ठेवा आणि वीजमीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं. ३२०० असेल आणि मिनिटाला ३२ मोजले, तर ३२ भागिले ३२०० = ०.०१ युनिट मिनिटाला, तासाला ०.६ युनिट, म्हणजे ६०० वॅट.

मग व्होल्टेज गेलं कुठे? रॉड बंद केल्यावर त्याच सॉकेटात १९२ आले. म्हणजे ३.४ अँपिअरला १२ व्होल्ट वाटेत पडतात. १२ भागिले ३.४ = साडेतीन ओहम, डीपीपासून, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून, सॉकेटापर्यंतच्या तारा आणि सांधे मिळून. दोन-तीनदा मोजा, कारण मधेच कुणाची चक्की सुरू झाली तर आकडा फसवतो. आम्ही घरातलं मेन स्विच उघडायला वायरमनला बोलावलं, तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि तार काळी पडलेली. तो आवळल्यावर वाटेतले १२ चे ५ व्होल्ट झाले. बाकी कमतरता बाहेरच्या लाईनची, ती रॉडवाल्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

विहिरीवरच्या मोटरला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. मोटर रॉडसारखी नाही: व्होल्टेज पडलं तरी पंपाचं काम तेवढंच, म्हणून ती उलट जास्त करंट ओढते. थ्री फेजला वॅट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर (म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर वॅट होणारा हिस्सा). ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टवर ७.६ अँपिअर घेत असेल, तर ३४० वर तेच काम करायला सव्वानऊच्या पुढे जाते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. रात्रीच्या फेऱ्यात लाईट आली की बटण दाबून घरी झोपायला जाण्याआधी पॅनेलवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा. अँपिअर नेमप्लेटच्या वर असतील तर मोटर बंद.