ग्राइंडर चालू करायच्या आधी डिस्क बघा
फॅब्रिकेशनवाला, म्हणजे लोखंड कापायचा-घासायचा, ४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो, एवढ्या स्पीडला डिस्क फुटली की तुकडा सरळ तोंडावर येतो म्हणून गार्ड (डिस्कवरचं पत्र्याचं झाकण) काढून काम करूच नका प्लीज. डिस्कवर छापलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनपेक्षा कमी नको, आणि मधल्या रिंगवर एक्सपायरी असते ती कोणी बघतच नाही. कटिंगच्या पातळ डिस्कने साइडने घासू नका, तिथेच ती तुटते. नवीन डिस्क लावली की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळी फिरवा. नंबरचा चष्मा असला तरी वरून गॉगल हवाच. डोळ्यात कण गेलाच तर चोळायचं नाही, रुमालाच्या टोकाने नाहीतर लोहचुंबकाने काढत बसायचं नाही, डायरेक्ट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी.