ड्रॅग रेसच्या गाडीत कॅमेरा लावताना या चुका टाळा

सर्रास होणारी चूक म्हणजे काचेला सक्शन कपने कॅमेरा चिकटवणं. रोजच्या रस्त्यावर तो महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून विश्वास बसतो. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे गाड्या सरळ रेषेत शर्यत लावतात त्या पट्टीवर, मात्र बर्नआउटची (सुटण्याआधी चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्याची) थरथर, तापलेली काच आणि सुटतानाचा हिसका असं सगळं एकदम येतं. टॉप फ्युएल गाडीचं, म्हणजे ड्रॅग रेसमधल्या सर्वात वेगवान प्रकारातल्या गाडीचं, वेग कमी करणारं पॅराशूट उघडलं की जवळपास 5 जीचा, म्हणजे वजनाच्या पाचपट, झटका बसतो. म्हणजे 150 ग्रॅमचा कॅमेरा पाऊण किलोच्या जोराने पुढे खेचला जातो. आपली गाडी तितकी वेगवान नसेलही, पण ताशी 200 किमीला भिंतीवर आदळली तर गाडी थांबते, सुटलेला कॅमेरा थांबत नाही. आणि केबिनमध्ये चालकाचं डोकं असतं.

म्हणून रोल केजच्या (चालकाभोवतीच्या संरक्षक धातूच्या सांगाड्याच्या) नळीला नट-बोल्टने आवळलेला धातूचा क्लॅम्पच लावा. शिवाय बारीक स्टीलची तार कॅमेऱ्यापासून केजपर्यंत वेगळी बांधा, तीही आखूड. लांब तारेवरचा कॅमेरा गोफणीसारखा फिरतो. नळीला भोक पाडू नका, केज तिथेच कमजोर होतो. जागा ठरवताना हेल्मेट, पट्टे सगळं चढवून चालकाला बसवा. डोकं नि हात पोहोचतील तिथे, किंवा बाहेर पडायच्या वाटेत, कॅमेरा नको. धडकेत घट्ट पट्ट्यांतही अंग बरंच पुढे ताणलं जातं, हे मोजताना विसरलं जातं.

हेल्मेटवर कॅमेरा कधीच नाही. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेस संघटनेच्या स्पर्धांत तो चालत नाही, आणि ते योग्यच आहे. हेल्मेट गुळगुळीत असतं ते घसरून निसटावं म्हणून. वरचा उंचवटा अडकला तर झटका थेट मानेला बसतो.

चित्र जेलीसारखं हलतंय? बहुतेक वेळा दांडा लांब असतो. तो आखूड करा. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडत असेल तर वेगवान कार्ड घाला, वाय-फाय बंद ठेवा आणि रांगेत थांबलेली गाडी उन्हात असेल तर कॅमेरा झाका. बटण सहकाऱ्याने बर्नआउटआधीच दाबावं. स्टेजिंगच्या (सुटण्याच्या रेषेवर गाडी लावतानाच्या) दिव्यांकडे बघत असताना चालकाचा हात कॅमेऱ्याकडे जाता कामा नये.

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला उतरणाऱ्यांनीही कॅमेरा लावूनच गाडी तपासणीला न्यावी, नंतर गुपचूप बसवू नये. तपासनीसाने क्लॅम्प हाताने ओढून पाहिला, तर त्याला अजून जोरात ओढायला सांगा.