कॉपी केलेला कोड मोजायचा कसा: फायनल इयरच्या संशोधन-प्रोजेक्टसाठी

सिनॉप्सिसमध्ये ‘सॉफ्टवेअर रीयूजचा (म्हणजे आधी लिहिलेला कोड पुन्हा वापरण्याचा) अभ्यास’ एवढंच लिहून भागत नाही. एका सेमिस्टरमध्ये उत्तर मिळेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ: आपल्या विभागातल्या लागोपाठच्या दोन बॅचपैकी दुसरीने लॉगिन आणि रिपोर्टचा किती कोड पहिलीकडून उचलला, आणि मूळ कोडमध्ये नंतर झालेली दुरुस्ती तिथपर्यंत पोचली का? यातला दुसरा भाग जास्त मोलाचा. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर झालेल्या नाटो परिषदेत संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचेही तयार सुटे भाग मिळावेत अशी कल्पना मांडली होती. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फिटर मापाचा बोल्ट आणून बसवतो, तसे. पण कॉपी-पेस्ट केलेल्या कोडचं मुळाशी नातं तुटलेलं असतं. एक चूक दहा ठिकाणी शोधावी लागते, आणि तेच मोजण्यासारखं आहे.

मोजण्याआधी ‘कॉपी’ म्हणजे काय ते ठरवा. पहिला प्रकार: फक्त मोकळ्या जागा आणि कॉमेंट वेगळ्या. दुसरा: व्हेरिएबलची नावं किंवा आकडेही बदललेले. तिसरा: मधल्या काही ओळी वाढवल्या, काढल्या किंवा बदलल्या. चौथा: काम तेच, कोड वेगळाच लिहिलेला. चौथ्याच्या मागे लागू नका; तो नेमका पकडणारं साधन नाही आणि सेमिस्टर त्यातच संपेल.

वीसेक रिपॉझिटरी (गिटमध्ये इतिहासासह ठेवलेले प्रोजेक्टचे कोड) पुरतात. क्लोन करताना, म्हणजे त्या उतरवून घेताना, पूर्ण घ्या. ‘डेप्थ १’ लावलंत तर इतिहासच येत नाही. मग नोड-मॉड्यूल्स, व्हेंडर, बिल्ड ही फोल्डरं आणि आपोआप तयार झालेल्या फायली वगळा. हे राहिलं तर जिकडेतिकडे लायब्ररीचाच कोड जुळतो आणि पुनर्वापराचा आकडा भलताच फुगतो. पीएमडी या कोड-तपासणीच्या साधनातलं सीपीडी सारखा कोड शोधतं आणि मोफत आहे. किमान टोकन (कोडमधले शब्द आणि चिन्हं; सलग एवढी जुळली तरच ‘कॉपी’) १०० ठेवून सुरुवात करा, मग ५० आणि १५० वरही चालवून तिन्ही निकाल द्या. हद्द खाली आणली की गेटर-सेटरसारखा साचेबंद कोड ‘कॉपी’ म्हणून येऊ लागतो. जावा प्रोजेक्ट असेल तर नावं आणि आकडे दुर्लक्षित करण्याचे पर्याय चालू करा, नाहीतर दुसरा प्रकार निसटतो.

साधनाच्या निकालावर तसाच विश्वास ठेवू नका. त्यातल्या १०० जोड्या रँडम निवडा. दोघांनी, एकमेकांचं न बघता, ‘खरी कॉपी’ की ‘योगायोग’ असा शिक्का मारावा. मग कोहेनचा कप्पा (kappa) काढा, म्हणजे दोघांचं एकमत निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त आहे ते सांगणारा आकडा. तो ०.६ च्या खाली आला तर बहुधा तुमची व्याख्याच ढिली आहे. ती घट्ट करा आणि नव्या जोड्यांवर पुन्हा तपासा. व्हायवात सर्वांत आधी यावरच बोट ठेवलं जातं.

गटात कोणी किती काम केलं हे मोजताना कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांच्या) संख्येवर जाऊ नका. चौघांच्या गटात सगळा कोड एकाच्याच लॅपटॉपवरून चढवलेला असू शकतो. स्क्वॅश मर्ज या पद्धतीने कोड जोडला तर मधले कमिट एकात मिसळून जातात. एकाच मुलीचे घरचे आणि कॉलेजचे असे दोन ईमेल असतील तर त्या दोन व्यक्ती मोजल्या जातात; कुठला ईमेल कोणाचा ते गिटला सांगणारी मेलमॅप फाईल लिहून त्या एक करा. एवढं करूनही कोणी काय केलं हे कळत नाही, म्हणून प्रत्येक गटाशी अर्धा तास बोला. मराठी, कन्नड, मिसळ, जे सहज येईल त्या भाषेत बोलू द्या. उतरवतानाही तीच भाषा ठेवा. भाषांतर फक्त अहवालात घ्यायच्या वाक्यांचं करा, आणि ते दोन्ही भाषा येणाऱ्याकडून तपासून घ्या.

परवानगी लेखी घ्या. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) यूएसएनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या विद्यापीठ-क्रमांकात, विभागीय आकडा, कॉलेजचा कोड, प्रवेशाचं वर्ष, शाखा आणि क्रमांक असतो. रिपॉझिटरीच्या नावात किंवा ईमेलमध्ये यूएसएन असेल तर माणूस ओळखता येतो, म्हणून विश्लेषणाआधीच तिथे गट-१, गट-२ अशी नावं घाला. ज्या रिपॉझिटरीत लायसन्स नाही, तिचा कोड आपल्या डेटासेटमध्ये टाकून वाटायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. मोजणीच्या स्क्रिप्ट आणि आकड्यांचं कोष्टक तेवढं द्या. कमिट-हॅश (प्रत्येक कमिटचा ओळख-क्रमांक) गाईडकडे बंद यादीत ठेवा, कारण सार्वजनिक रिपॉझिटरीचा हॅश शोधला की गटाचं नाव पुन्हा समोर येतं.